थोरल्यापासून नंबर

सन दोन हजार तेवीस. दिवाळी झाली होती, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले होते आणि सांगलीत सकाळी स्वेटर घालावा इतकी थंडी पडली होती. तिथून होळीपर्यंत जेवढे किस्से जमले तेवढे फौजेतल्या सतरा वर्षांत जमले नाहीत. ते जमवायला जावं लागत नाही. लोकांच्या घरात काम करणारा माणूस दारात चप्पल काढतो, आणि परत घालेपर्यंत किस्सा झालेला असतो.

मी सातवी पास. फौजेत सिग्नलमध्ये लाइनमन होतो, हवालदार म्हणून बाहेर पडलो. मग सांगलीत केबल टीव्हीच्या तारा ओढल्या. आता त्याच खांबांवरून इंटरनेट जातं. वय एकाहत्तर. विश्रामबागेत आमचं ऑफिस आहे, म्हणजे एक गाळा. मुल्ला टेबलावर बसून तक्रारी लिहून घेतो, मी घरोघरी जाऊन दुरुस्ती करतो. मुल्ला पन्नाशीचा, बारावी शिकलेला, आणि त्याला गप्प बसता येत नाही.

कामाबद्दल एकदाच सांगतो. घरात राऊटर बसला की घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. मोबाइल, टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, सगळ्यांना. पत्ता लांबलचक असतो, पण एका घरात पुढचे आकडे सगळ्यांचे सारखेच. फरक फक्त शेवटच्या नंबराचा. तो नंबर राऊटर आपणहून वाटतो, आज हा तर उद्या तो. पण कॅमेऱ्यासारख्या यंत्राचा नंबर रोज बदलून चालत नाही. तो पक्का करावा लागतो. त्याला स्टॅटिक म्हणतात. नंबर पक्का करायचं काम माझं.

माझी पद्धत ठरलेली. फौजेत हजेरी सीनियरपासून सुरू होते. एक नंबर राऊटरचा स्वतःचा असतो. दोनपासून मी घरातल्या थोरल्याला धरतो. थोरल्याचं यंत्र दोन, घरच्या बाईचं तीन, मग मुलं, मग सुना. कुणाला सांगावं लागत नाही, कुणी विसरत नाही. मुल्ला पहिल्याच दिवशी म्हणाला, "हवालदार, कुत्र्याच्या कॅमेऱ्याला कितवा?" मी म्हणालो, शेवटचा.

*

तासगाव रस्त्याला एका गावात दोघा भावांचं घर आहे. मध्ये भिंत घातलेली, पण कनेक्शन एकच. ऊस दोघांचाही मोप. थोरल्याने दुकानातून स्वतःच कॅमेरे आणले, मोबाइलवर बघून बसवले आणि कॅमेऱ्याच्या पेटीला नंबर दिला एक. त्या मिनिटाला दोन्ही घरांचं नेट गेलं.

मी गेलो. बघितलं. सांगितलं की एक नंबर राऊटरचा आहे, सगळ्यांचं येणंजाणं त्याच्यातून होतं, तो नंबर दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

थोरला खुर्चीतून उठला. "घर आमी बांधलं, आन् एक नंबर ह्या डबड्याचा?"

मी म्हणालो, असंच असतं.

"असंच असतं म्हंजे? सोसायटीत एक नंबर आमी, पालखीला एक नंबर आमी. कॅमेऱ्याला दोन लावू व्हय?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकटा आला. त्याला वाटलं आज नंबरांचं वाटप आहे. तो म्हणाला, "एक त्याला देणार असाल तर मलाबी एकच द्या. दोन घेनार न्हाई मी."

मी फौजेत कर्नलचं भांडण मिटवलं नाही, पण इथे मिटवलं. राऊटरचा स्वतःचा नंबर बदलून दोनशे चोपन्न केला. तसं करता येतं. एक नंबर थोरल्याच्या कॅमेऱ्याला दिला. धाकट्याच्या टीव्हीला अकरा दिला आणि सांगितलं, एकाला एक लागून आहे, दोनदा एक.

धाकटा खूश झाला. थोरला आठ दिवस गप्प होता. नवव्या दिवशी ऑफिसात फोन आला. त्याला एकशे अकरा पाहिजे होता.

दिला. राऊटरला अडीचशेपर्यंत नंबर चालतात, माझं काय जातं.

*

आता विश्रामबागेतलं घर. ते आधी सांगायला पाहिजे होतं, पण जीभ तिकडे लवकर वळत नाही.

तिसरा मजला. जयसिंगराव, निवृत्त तलाठी. त्यांची बायको. मुलगा चाकणला कारखान्यात, पंधरा दिवसांनी येणारा. आणि सून रोहिणी. ती घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनीने तिला टेबलावर ठेवायचा एक फोन दिला होता. तो नेटवर चालतो. गिऱ्हाइकांच्या तक्रारी त्या फोनवर यायच्या आणि ती त्यांना समजावून सांगायची. त्या फोनला पक्का नंबर लागत होता. मी माझ्या पद्धतीने दिला. जयसिंगरावांचा टीव्ही दोन, सासूबाईंचा देवघरातला कॅमेरा तीन, मुलाचा लॅपटॉप चार, प्रिंटर पाच, सुनेचा फोन सहा.

महिन्याभरात तक्रार आली. फोन मधेच मुका होतो. समोरचा माणूस बोलता बोलता गायब होतो.

मी दहा वाजता गेलो. फोन व्यवस्थित. दोन दिवसांनी परत तक्रार, परत दहाला गेलो, परत व्यवस्थित. तिसऱ्यांदा रोहिणी म्हणाली, "काका, दुपारी या ना. दुपारीच होतं."

मी सांगितलं, बारा वाजता मी जेवतो. फौजेपासून जेवतो. बाराच्या आधी काय ते सांगा.

ती म्हणाली की राऊटर बंद करून चालू केला की कधी कधी थोडा वेळ नीट चालतो. तिने तीन-चारदा केला होता.

हे मी पकडलं. यंत्र सकाळी नीट, दुपारी बिघडतं. दुपारी घरात कोण? सासूबाई झोपतात. जयसिंगराव तलाठी माणूस, सरकारी कागदाशिवाय कशाला हात लावत नाहीत. राहिली सून. आणि तिने स्वतःच कबूल केलं की राऊटरला हात लावते. मी चप्पल घालताना जिन्यात बोललो. माझा आवाज मुळात मोठा. शेजारची दोन्ही दारं उघडी होती, कोथिंबीर निवडायचं काम चाललं होतं.

मी म्हणालो, "जयसिंगराव, मशीनमध्ये दोष नाही. सूनबाई छेडतात. मशीन कुलपात ठेवा."

जयसिंगरावांनी मान हलवली. कोथिंबीर थांबली. रोहिणी दारात उभी होती. तिने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "आणि चूक तुमची निघाली तर?"

मी म्हणालो, "तर हवालदार येऊन स्वतः सांगेल."

चाळीस वर्षांत अशी वेळ आली नव्हती, म्हणून बोलायला जड गेलं नाही.

त्याच संध्याकाळी जयसिंगरावांनी राऊटर शोकेसच्या काचेआड ठेवून कुलूप लावलं. माझ्या शब्दावर. मला त्याचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

*

म्हसवडला माझा मेव्हणा आहे. घोंगड्यांचं दुकान, मागे घर. दुकानात कॅमेरा बसवला आणि मला फोन लावला की नंबर सांग. मी सांगलीत खांबाखाली उभा. म्हणालो, दोन घाल.

तो म्हणाला, दोन नको. जीपचा नंबर घालतो. जीपचा नंबर चार हजार एकशे एकेचाळीस. घातला. यंत्राने घेतला नाही. परत फोन. मी सांगितलं, ह्या यंत्राला दोनशे पंचावन्नच्या पुढे मोजता येत नाही.

"म्हंजे आमच्या शाळंतल्या मास्तरापरीस जरा बरं हाय," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने त्याचाच फोन. त्याने पत्त्याचे सगळे आकडे बोटांवर मोजले होते. एक, नऊ, दोन, एक, सहा, आठ, एक. बेरीज अठ्ठावीस. आठ घातले की छत्तीस, तीन अधिक सहा नऊ. जीपची बेरीज दहा येते हे त्याला आयुष्यभर सलत होतं, कॅमेऱ्याची तरी नऊ येऊ दे म्हणाला.

मी म्हणालो, आठ घाल, पण बेरजेने कॅमेरा चालत नसतो.

तो कॅमेरा आजपर्यंत एकदाही बंद पडला नाही. मी पद्धतशीर दिलेल्या नंबरांचे तीन बंद पडले. मेव्हणा दर सणाला आठवण करून देतो, आणि बहीण त्याच्या बाजूने हसते.

*

सांगलीत एक दातांचे डॉक्टर आहेत. खाली दवाखाना, वर घर. वरचा प्रिंटर मी बसवला होता. दवाखान्यासाठी नवा घेतला तेव्हा मला बोलावलं नाही. कंपाउंडर म्हणाला, त्यात काय, वरच्या प्रिंटरमध्ये जे लिहिलंय ते जसंच्या तसं खाली लिहितो. लिहिलं. नंबरसुद्धा जसाच्या तसा. दोन प्रिंटर, नंबर एक.

एका नंबरावर दोघे उभे राहिले की निरोप कुणाला मिळेल याचा नेम नाही. कधी ह्याला, कधी त्याला. डॉक्टरांनी दवाखान्यातून चिठ्ठी छापली की ती कधी खाली यायची, कधी वर स्वयंपाकघरात. डॉक्टरीणबाईंना तीन दिवस वाटत होतं की नवरा वर औषधांच्या चिठ्ठ्या पाठवून काही सुचवतोय.

चौथ्या दिवशी बाईंनी बहिणीला द्यायला खव्याच्या करंज्यांची कृती छापली. ती खाली आली. खाली एक ट्रॅक्टरवाले गृहस्थ दाढ काढून घेऊन बसले होते, तोंडात कापूस. कंपाउंडरने कागद उचलला, घडी घातली आणि त्यांच्या हातात दिला.

गृहस्थ मेडिकलला गेले. मेडिकलवाल्याने वाचलं, परत दिलं, म्हणाला हे माझ्याकडे मिळत नाही, किराणा दुकानात बघा. ते दवाखान्यात परत आले. कापूस काढला आणि डॉक्टरांना विचारलं, "बाकी समदं कळलं. जेवनाआधी खायाच्या का नंतर?"

मी वरच्या प्रिंटरला वेगळा नंबर दिला, पाच मिनिटांचं काम. बाहेर पडताना डॉक्टर म्हणाले, "काका, एका नंबरावर दोघं असले की एवढा गोंधळ?" मी म्हणालो, शिकलेल्या माणसांच्या घरात असं होतंच.

ऑफिसात येऊन मुल्लाला सांगितलं. तो पोट धरून हसला. मग वही उघडून म्हणाला की विश्रामबागेच्या तिसऱ्या मजल्याची आज सहावी तक्रार आहे. राऊटर तर कुलपात आहे म्हणतात, मग आता कोण छेडतंय?

मी म्हणालो, सकाळी जाऊन बघतो.

"सकाळी," मुल्ला म्हणाला, आणि वही मिटली.

*

सकाळी गेलो. दहा वाजता. फोन व्यवस्थित.

ह्या वेळी रोहिणीने तक्रार केली नाही. तिने मला मोबाइलवर आलेलं कंपनीचं पत्र दाखवलं. इंग्रजीत होतं, मला वाचता येत नाही. तिने सांगितलं की महिनाअखेरपर्यंत दुपारचे फोन सुधारले नाहीत तर कंपनी टेबलावरचा फोन परत मागवणार आहे. म्हणजे काम बंद.

आतून जयसिंगराव म्हणाले, "मागवू दे. घरात कशाची कमी हाय? उगं डोक्याला ताप."

ते टोपी घालून बाहेर निघाले होते. रात्री बंद केलेला मोबाइल ते रोज खाली उतरल्यावर चालू करतात. मार्केट यार्डात त्यांच्या मित्राचं हळदीचं दुकान आहे, रोज सकाळी तिथे बसतात आणि जेवायला बाराला घरी येतात. माझ्यासारखेच वेळेचे पक्के. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की हवालदार, तुमी बोलला ते खरं, हिचं लक्षच लागत न्हाई त्या कामात.

रोहिणी पुढचा फोन घ्यायला वळली. मी तार तपासली, पेटी पुसली आणि खाली आलो. माझ्या शब्दाने एका पोरीची नोकरी जायला निघाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. माझा शब्द खोटा आहे, हे अजून कळायचं होतं.

*

मेढ्याच्या वर डोंगरात आनंदा राहतो. फौजेत आम्ही एका तंबूत होतो. त्याचा मुलगा प्रकाशही सिग्नलमध्ये आहे, सरहद्दीवर. म्हातारा-म्हातारी घरात दोघेच, म्हणून मी आदल्या वर्षी तिथे अंगणात कॅमेरा लावून दिला होता. प्रकाश तिकडून मोबाइलवर आईला धान्य पाखडताना बघायचा. नंबर माझ्या पद्धतीने, चार.

माघात आनंदाचा फोन आला. प्रकाश सुट्टीवर आला आणि कॅमेरा बंद पडला. वर्षभर चाललेला कॅमेरा, लेक उंबऱ्याच्या आत आला की मेला.

"आवं हवालदार, पोरगं घरात आलं की कॅमेरा म्हंतो माझं काय काम," आनंदा म्हणाला. "पर चार दिसांनी ते परत जानार, तवा ह्येला कोन उठवनार?"

मी एसटीने साताऱ्याला गेलो, तिथून मेढ्याला, तिथून आनंदाच्या शेजाऱ्याच्या जीपने वर. पोचलो तेव्हा लाइट गेलेली. तिकडे ती दिवसातून चारदा जाते. चहा झाला, आनंदाच्या बायकोने नाचणीची भाकरी वाढली. लाइट आली. राऊटरचे दिवे लागले. प्रकाशच्या मोबाइलला नेट आलं. कॅमेरा उठला आणि परत गेला.

मी तार बघितली, कनेक्शन बघितलं, कॅमेरा काढून पुसला. प्रकाश बाजूला उभा होता, हात मागे बांधून. सीनियरच्या कामात बोलायचं नाही हे त्याला शिकवलेलं. शेवटी आनंदाच ओरडला, "आरं बोल की, तोंडात काय गूळ धरलायस?"

प्रकाश म्हणाला, "साहेब, परवानगी असेल तर राऊटरचं सेटिंगचं पान उघडू का?"

त्याने मोबाइलवर पान उघडलं आणि मला दाखवलं. कॅमेऱ्याचा नंबर चार. खाली त्याच्या मोबाइलचा नंबर. तोही चार.

मी म्हणालो, चार मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही.

"तुम्ही नाही, राऊटरने दिलाय," तो म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. माझ्याशी इतक्या हळू कुणी बोललेलं नव्हतं. राऊटरकडे स्वतःची यादी असते, मोबाइल आला की त्यातला रिकामा नंबर तो देऊन टाकतो. ती यादी दोनपासूनच सुरू होत होती. मी माझे पक्के नंबर दिले ते त्याच यादीतले, आणि राऊटरला सांगितलंच नाही. जे यंत्र चोवीस तास जागं असतं, त्याचा नंबर राऊटर दुसऱ्याला देत नाही, कारण तो माणूस हजर दिसतो. यंत्र बंद दिसलं की जागा रिकामी समजतो. लाइट आली तेव्हा मोबाइल जागाच होता, कॅमेरा उठायला वेळ लागला. चार नंबर मोबाइलला गेला. मग कॅमेरा उठून त्याच जागेवर उभा राहिला. आणि एकदा दिलेला नंबर राऊटर लक्षात ठेवतो. तो मोबाइल घरात आला की परत तोच.

"साहेब, एका प्लाटूनची हजेरी दोन हवालदार घेत होते," प्रकाश म्हणाला. "एकमेकांना न विचारता."

मी विचारलं, इलाज काय?

त्याने एक आकडा बदलला. राऊटरला सांगितलं, तू शंभरपासून पुढे वाट. शंभरच्या खालचे साहेबांचे. कॅमेरा उठला आणि उठलेलाच राहिला. अंगणात आनंदाची बायको कोंबड्या हाकत होती, ती मोबाइलवर दिसली.

"म्हणजे थोरल्यापासून द्यायला हरकत नाही," मी म्हणालो.

"अजिबात नाही साहेब. फक्त राऊटरला सांगायचं."

नेटचं काम धरून चार वर्षं झाली होती, राऊटरला मी कधी सांगितलं नव्हतं.

परतताना साताऱ्याच्या स्टँडवर बसलो होतो. सांगलीची गाडी लागली, लोक चढले. मी चढलो नाही. मला समोर जयसिंगराव दिसत होते. टोपी, खिशात मोबाइल, बाराला घरी. रोहिणीचा फोन काम संपलं की संध्याकाळीच बंद होतो, सासूबाई दिवा जळतो म्हणून बंद करायला लावतात. बंद म्हणजे जागा रिकामी, आणि घरात त्यांचा मोबाइल जागा. सकाळी तो बंद, म्हणून दहाला फोन नीट.

पुढच्या गाडीने आलो.

*

दुसऱ्या दिवशी जेवण सोडलं. मुल्लाला म्हणालो, बाराला विश्रामबागेत जातो. त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा काही बोलला नाही.

पावणेबाराला मी तिसऱ्या मजल्यावर होतो. रोहिणी फोनवर एका बाईला काहीतरी समजावत होती, शांत आवाजात, हिंदीत. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. बाराला पाच कमी असताना जिन्यात जयसिंगरावांचा खोकला आला. ते आत आले, टोपी खुंटीला लावली, खिशातला मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

रोहिणी दोनदा हॅलो म्हणाली. मग तिने फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मी जयसिंगरावांचा मोबाइल मागितला. सेटिंगमध्ये नंबर असतो, तो शोधायला मला प्रकाशने शिकवलं होतं. सहा. रोहिणीच्या फोनवर मीच चिकटवलेली चिठ्ठी होती, तिच्यावर सहा.

जयसिंगरावांना म्हणालो, मोबाइल घेऊन खाली दरवाजापर्यंत जाऊन या. त्यांना वाटलं चेष्टा आहे. गेले. फोन जागा झाला. वर आले, फोन मेला. मी परत पाठवलं. सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या आणि बाहेर येऊन बघायला लागल्या. तिसऱ्या खेपेला जयसिंगराव धापा टाकत म्हणाले, "हवालदार, मी घरात येऊ का नको ते एकदा सांगा."

"या," मी म्हणालो. शोकेस उघडून घेतली, राऊटर बाहेर काढला, त्याला सांगितलं शंभरपासून वाट. जयसिंगरावांच्या मोबाइलला एकशे एक मिळाला. ते सोफ्यावर बसले, मोबाइल मांडीवर. रोहिणीने फोन उचलला. चालू होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं, चालूच होता. तिने पुण्याला साहेबाला लावून सांगितलं की दोष सापडला, दुपारचे सगळे फोन आता मला द्या. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "हो सर, महिनाअखेरपर्यंत बघा तुम्ही," आणि ठेवला.

मी उभा राहिलो. खुर्ची सरकवून नीट लावली. म्हणालो, "सूनबाई, नंबर देण्यात माझी—"

"काका, थांबा," ती म्हणाली.

ती उठली, दाराशी गेली आणि दार पूर्ण उघडलं. शेजारची दोन्ही दारं उघडी होती. एकीकडे लसूण सोलणं चाललं होतं.

"इथे नको," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बोलला होता. त्याच आवाजात."

जयसिंगराव म्हणाले, "जाऊ दे की गं, मानूस घरी आलाय, जेवायची वेळ हाय."

ती दारातून हलली नाही.

मी बाहेर गेलो. चप्पल घातली नाही. जिन्यात उभा राहिलो, पाय जुळवले. लसूण थांबला.

"मशीनला सूनबाईंनी कधी छेडलं नव्हतं," मी म्हणालो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली वाकलं. "दोष माझ्या कामात होता. खात्री न करता मी यांचं नाव घेतलं. चूक हवालदाराची."

मी तिच्याकडे बघितलं.

"झालं," रोहिणी म्हणाली, आणि आत जाऊन तिने वाजणारा फोन उचलला.